स्वरलिपी आधी हाताला, मग डोळ्याला : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये एकच अडचण फिरून फिरून आली. मुलांना गाता येतं, पेटी-कीबोर्ड वाजवता येतो, पण स्वरलिपीचं पुस्तक समोर ठेवलं की गाडी अडते. म्हणून या वेळी फक्त हेच प्रश्न घेतलेत, आणि उत्तरात जे साहित्य सांगितलंय ते सगळं घरात नाहीतर कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं आहे.

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे, गाण्याच्या क्लासला जाते, भूप रागातली बंदिश तिला पूर्ण येते, ऐकून लगेच उचलते. पण बाईंनी वहीत लिहून दिलेली स्वरलिपी वाच म्हटलं की रडकुंडीला येते, सगळ्या खुणा सारख्याच दिसतात म्हणते. पुढे परीक्षेला बसवायचंय. घरी काही करता येईल का, मला स्वतःला गाणं येत नाही. (एक आई, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : येईल की, आणि तुम्हाला गाणं येत नाही याने काही बिघडत नाही, उलट तीच तुम्हाला शिकवेल आणि त्यातच तिचं निम्मं काम होऊन जाईल. फक्त एक करा, अनोळखी ओळ वाचायला देऊ नका. जी बंदिश तिच्या गळ्यात पक्की बसलीय तीच तिने कार्डांनी जमिनीवर मांडायची. आवाज तिला माहीत आहेच, आता त्या आवाजाला कुठली खूण आणि ती कुठे ठेवायची एवढंच शोधायचंय, आणि हे पेन्सिलीने लिहिण्यापेक्षा उचलून ठेवण्यात फार सोपं जातं कारण चुकलं तर खोडायचं नसतं, नुसतं सरकवायचं असतं.

घरात लग्नपत्रिका साठलेल्या असतातच, त्यांचा जाड कागद कापून सगळी एकाच मापाची कार्डं करा. भूपात सा रे ग प ध एवढेच पाच स्वर, सगळे शुद्ध, त्यामुळे सुरुवातीला कोमल-तीव्रची, म्हणजे थोड्या खाली उतरवलेल्या किंवा वर चढवलेल्या स्वरांची, भानगडच नाही. प्रत्येक अक्षराची चार-पाच कार्डं, मार्करने मोठ्ठी, आणि वरून पारदर्शक सेलोटेप लावून टाका. सेलोटेप का, तर आपल्याला त्यावर टिकल्या लावायच्यात आणि काढायच्यात.

हो, टिकल्या. काळ्या गोल टिकल्यांचं एक पाकीट आणा. भातखंडे यांच्या स्वरलिपीच्या पद्धतीत मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब असतं, तार म्हणजे वरच्या सप्तकातल्या स्वरावर टिंब असतं आणि मधल्या सप्तकाला काहीच नाही. आता गंमत बघा, छापील पुस्तकात तार सा हा 'सां' असा दिसतो आणि तिसरीतलं पोर त्याला अनुस्वार समजून 'सां' असंच नाकात वाचतं, तार गंधार दिसला तरी तेच. खूप मुलांचा गोंधळ इथेच होतो. टिकली वेगळी हातात आली की ते टिंब अक्षराचा भाग नाही, वरून लावलेली खूण आहे हे एकदम कळतं. बोटावर टिकली घ्यायची, स्वर गायचा, वरचा आहे का खालचा आहे ते ऐकायचं आणि त्या बाजूला लावायची.

ती चुकेल. मंद्र धैवताला टिकली वर लावेल. तेव्हा 'चुकलं' म्हणू नका, तिने जे मांडलंय तेच तिला गायला सांगा, वर टिकली म्हणजे वरचा ध, गा बघू. आवाज इतका वर जातो की तिचं तिलाच कळतं हे आपल्या बंदिशीत नाहीये, आणि टिकली आपोआप खाली येते. ही एक गोष्ट तुम्ही नीट पाळलीत तर बाकीचं सगळं सोपं आहे, कारण मांडलेलं तपासायचं ते कानाने, आईच्या चेहऱ्याकडे बघून नाही.

भूप झाला की दुर्गा घ्या, त्यात ग जाऊन म येतो, तेही शुद्धच. त्यानंतर काफी, म्हणजे कोमल ग आणि कोमल नी. कोमलची खूण स्वराखाली आडवी रेघ. आइस्क्रीमची काडी कार्डाखाली ठेवायची, झालं. यमनला आलात की तीव्र म, त्याच्या डोक्यावर उभी रेघ, काडीचा छोटा तुकडा वर उभा ठेवायचा. पण काडी नुसती ठेवून ती पाठ होते, समजत नाही, म्हणून त्याच्या जोडीला भिंतीवर एक शिवणकामाची टेप लावा, आपली १५० सेंटीमीटरची असते ती, शून्य खाली आणि उभी. ६० च्या आकड्यापासून १२० पर्यंत मधलं सप्तक धरायचं. सा ६० वर, रे ७० वर, ग ८० वर, म ८५ वर, प ९५ वर, ध १०५ वर, नी ११५ वर आणि तार सा १२० वर. कपड्यांच्या चिमट्यांवर स्वर लिहून त्या त्या आकड्याशी लावा. आता ग आणि म एकमेकांना चिकटून का, नी आणि वरचा सा जवळ का, हे प्रश्न ती स्वतःच विचारेल. कोमल ग म्हणजे चिमटा ८० वरून ७५ वर, एक घर खाली, म्हणून रेघ खाली. तीव्र म म्हणजे ८५ वरून ९० वर, एक घर वर, म्हणून रेघ वर. पेटीवर बोट ठेवून प्रत्येक घर वाजवून बघायचं, पाच सेंटीमीटर म्हणजे पेटीची शेजारची पट्टी, मग ती काळी असो नाहीतर पांढरी. मिरजेला कधी गेलात तर सतारमेकर गल्लीत कुणाकडेही सतार बघायला मिळेल, तिच्या दांडीवर ग आणि म चे पडदे जवळजवळ बांधलेले असतात, मुलीला तिथे बोट ठेवू द्या, टेपवर बघितलेलंच तिथे हाताला लागतं.

राहिला वेळ. पुस्तकात स्वरापुढे नुसती आडवी रेघ असते, ती म्हणजे आधीचा स्वर तसाच पुढे लांबवायचा. मुलं तिथे थांबतात, त्यांना वाटतं रिकामी जागा आहे. इथे लोकरीचा धागा वापरा. रेघेच्या कार्डावर धागा चिकटवा, आधीच्या कार्डापर्यंत येईल असा, आणि बोट धाग्यावरून सरकत असेपर्यंत आवाज चालू ठेवायचा, बोट उचललं की आवाज बंद. गाण्याच्या शब्दांच्या ओळीत हेच काम अवग्रह करतो, ते इंग्रजी एससारखं दिसणारं चिन्ह, त्यालाही हाच धागा. आणि एका मात्रेत, म्हणजे तालाच्या एका ठोक्यात, दोन-चार स्वर असतील तर त्यांच्याखाली चंद्रकोरीसारखी कंस असते, त्यासाठी प्लॅस्टिकची जुनी बांगडी अर्धी कापा, कडा घासून घ्या, तीच ती कंस. कार्डांखाली ठेवली तर हे सगळे स्वर एका मात्रेत. तीच स्वरांच्या वर ठेवली तर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जायचं. बांगडी वर की खाली यावर सगळं बदलतं हे हाताने केलं की विसरत नाही.

सगळं एकदम काढून बसू नका एवढंच. आधी नुसती कार्डं, मग टिकल्या, मग काड्या, धागा आणि बांगडी सगळ्यात शेवटी.

प्रश्न : मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, गाण्याची आवड आहे म्हणून परिपाठ माझ्याकडे असतो. वर्गात तीसच्या वर मुलं, एक पेटी आहे तिचे दोन-तीन सूर बोलत नाहीत. एवढ्या मुलांना कार्डं-बिर्डं शक्य नाही, तालाची लिपी तरी समजावी असं वाटतं. (एक शिक्षक, कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर : सर, तुमच्याकडे सगळ्यात महागडं साहित्य आहे ते म्हणजे पटांगण. रांगोळीने किंवा चुन्याने सोळा चौकोन आखा, एका रांगेत नको, चार-चारच्या चार ओळी करा, कारण पुस्तकात तीनताल तसाच चार-चार मात्रांच्या विभागात असतो. पहिल्या चौकोनात फुली म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा, पाचव्यात २, नवव्यात शून्य म्हणजे 'खाली', टाळी न वाजवायची जागा, तेराव्यात ३. आता एक मूल चालेल आणि बाकीची बोल म्हणतील, धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. फुलीवर, दोनवर, तीनवर टाळी आणि शून्यावर हात बाजूला उलटा. एक मूल दमलं की दुसरं. सोळावर पोचलं की धावत परत एकवर यायचं आणि ते वेळेत यायचं, इथे मुलांना खरी मजा येते.

दोन-चार दिवसांनी एक गोष्ट नक्की करा. तीनतालातल्या पुष्कळ मध्यलयीच्या बंदिशी नवव्या मात्रेपासून सुरू होतात आणि पुस्तकात पहिली ओळ फुलीने सुरू न होता शून्याने सुरू होते, ते बघून मोठी माणसंही बुचकळ्यात पडतात. चालणाऱ्या मुलाला नवव्या चौकोनात उभं करा, तिथून गाणं सुरू करा आणि आठ पावलं टाकून ते फुलीवर येतं तेव्हा कोणता शब्द आला ते वर्गाला ओरडून सांगायला लावा. तो शब्द समेचा. ओळ मधूनच का छापलीय हे यानंतर परत कधी समजावावं लागत नाही. वर्गात फरशी असेल तर आखायचीही गरज नाही, एक फरशी एक मात्रा. मग दादरा घ्या सहा फरश्यांचा, तीन आणि तीन, आणि नंतर झपताल दहाचा, दोन-तीन-दोन-तीन. झपतालात विभाग सारखे नाहीत हे पायाला आधी कळतं, डोक्याला मागून.

स्वरांसाठी मुलांनाच स्वर करा. आठ मुलं आठ पाट्या घेऊन उभी, पाटीवर खडूने स्वर लिहिलेला. लांबवायचा स्वर असेल तर पुढच्या मुलाने आधीच्याचा हात धरायचा. एका मात्रेत दोन स्वर असतील तर दोघांनी एकाच चौकोनात उभं राहायचं, दाटीवाटीने, आणि त्यांना बरोबर कळतं की आपल्याला घाईने गायला हवं. बाकीची मुलं रांगेकडे बघून गातात. मग एकाला जागा बदलायला सांगा आणि परत गा, चाल बदलते, वर्ग हसतो आणि वाचायला शिकतो.

हाताच्या खुणाही वापरता येतील. इंग्लंडमध्ये १९व्या शतकात जॉन कर्वेन यांनी सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीवरून स्वर शिकवण्याची पद्धत वाढवली आणि प्रत्येक स्वराला हाताची एकेक खूण दिली, पुढे हंगेरीतल्या कोडाय यांच्या पद्धतीत त्या खुणा जगभर गेल्या. हात कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत चढत जातो, त्यामुळे स्वर वर गेला की खाली आला ते शेवटच्या बाकावरच्या मुलालाही दिसतं. ठरलेल्या खुणा नाही केल्यात तरी चालेल, सा कमरेशी, प छातीशी, तार सा डोक्यावर एवढं पुरे. पेटीचे बिघडलेले सूर टाळून नुसता सा धरा, तानपुऱ्याचं अ‍ॅप मोबाईलवर लावलंत तर पेटी नसली तरी चालतं.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा, कीबोर्ड शिकतो, इंग्रजी स्टाफ नोटेशन आहे. ओळींसाठी इंग्रजी वाक्य पाठ करून दिलंय, ते म्हणत म्हणत तो एकेक नोट मोजतो, त्यात गाणं संपून जातं. क्लासमध्ये पट्ट्यांवर स्टिकर लावून दिलेत, ते बघून वाजवतो, कागद बघतच नाही. (एक पालक, कराड)

उत्तर : स्टिकर काढा. हे थोडं कडक वाटेल पण स्टिकर असेपर्यंत त्याचे डोळे पट्टीवरच राहणार, कागदावर येणारच नाहीत. हवं तर फक्त मधल्या सीचा ठेवा, बाकीचे आजच काढा.

आणि वाक्य पाठ करणं हेही फार उपयोगाचं नाही, कारण वाचताना प्रत्येक वेळी पहिल्यापासून मोजावं लागतं. ट्रेबल क्लेफ म्हणजे ते वळणदार चिन्ह असतं ना, त्याचा पोटातला वळसा खालून दुसऱ्या रेघेभोवती असतो आणि ती रेघ जीची. खाली छोट्या जादा रेघेवर बसतो तो मधला सी. खालून तिसऱ्या फटीत वरचा सी. ही तीन ठिकाणं पक्की झाली की बाकी सगळं जवळच्या ठिकाणावरून कळतं. रेघेवरून लगतच्या फटीत गेलं की शेजारची पांढरी पट्टी, रेघेवरून पुढच्या रेघेवर गेलं की मधली एक पट्टी सोडून पुढची. नोट ओळखायचीच नाही, आधीच्या नोटेपासून किती हलली ते बघायचं.

यासाठी घरातलं लोखंडी कपाट सगळ्यात छान. इलेक्ट्रिकची काळी टेप घेऊन कपाटाच्या दारावर पाच आडव्या रेघा मारा, मध्ये मोठा गोल लोहचुंबक बसेल एवढं अंतर. दोन चुंबक द्या. तुम्ही एक लावा, दुसरा कुठे ते वाजवून दाखवा, त्याने लावायचा. मग उलट, त्याने लावायचा आणि वाजवायचा. रोज थोडाच वेळ, पण न मोजता. जमिनीवर टेप मारून त्याला स्वतःलाच रेघेवर आणि फटीत उड्या मारायला लावलं तरी चालतं, 'रेघ' आणि 'फट' यात गोंधळ होणाऱ्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो, कारण आपण वहीत लिहितो ते रेघेच्या वर लिहितो आणि इथे 'रेघेवरची नोट' म्हणजे रेघ पोटातून गेलेली.

अजून एक अडचण असते ती कुणी सांगत नाही. कीबोर्ड आडवा आहे, डावीकडून उजवीकडे आवाज चढतो, आणि कागदावर आवाज खालून वर चढतो. कीबोर्डचं चित्र कागदावर काढा आणि ते उभं करून, जाड आवाजाची बाजू खाली, कपाटावरच्या रेघांच्या शेजारी चिकटवा. किती मुलांचा चेहरा तिथे उजळतो. नोटेची दांडी वर आहे की खाली आहे याने स्वर बदलत नाही हेही सांगून ठेवा, मधल्या रेघेच्या खालच्या नोटांची दांडी वर जाते आणि वरच्यांची खाली, ते फक्त छपाई आटोपशीर दिसावी म्हणून.

तो जोडीने आपलं गाणंही शिकत असेल तर एक घोळ आधीच मिटवा. सी ही ठरलेली पट्टी आहे, पांढरी एक. आपला सा ठरलेला नाही, पांढरी एकला लावा नाहीतर काळी चारला लावा, जिथे लावाल तिथून सरगम. म्हणून कीबोर्डच्या पट्ट्यांवर सा रे ग म लिहून ठेवू नका.

प्रश्न : मी निवृत्त आहे, भजनी मंडळात पेटी वाजवतो, आता रीतसर स्वरलिपी शिकावी म्हणतो. नवीन पुस्तकं बारीक टाइपात, टिंबं दिसत नाहीत. घरात वडिलांच्या वेळचं एक जुनं पुस्तक आहे त्यात अक्षर मोठं आहे पण त्यावरून वाजवलं की चाल भलतीकडेच जाते. पुस्तक चुकीचं आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : काका, पुस्तक बहुतेक बरोबर असणार, पद्धत वेगळी आहे. आपल्याकडे दोन पद्धती चालत आल्या, एक पं. विष्णु नारायण भातखंडे यांची आणि दुसरी पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांची. पलुस्करांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा, आणि गाणं शिकले ते तुमच्या मिरजेतच, पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, त्यामुळे या भागातल्या जुन्या घरांत त्यांच्या पद्धतीची पुस्तकं निघणं साहजिक आहे. पलुस्कर पद्धतीत टिंब स्वरावर असेल तर तो मंद्राचा, खालचा. भातखंड्यांत वरचं टिंब म्हणजे तार. अगदी उलट! आणि पलुस्करांत तार स्वरावर उभी रेघ असते, ती तुम्ही तीव्रची समजला असाल. कोमल स्वराला तिथे पाय मोडल्यासारखी खूण असते. तालात सम १ ने दाखवतात आणि खाली अधिकच्या चिन्हाने. एवढं लक्षात ठेवून परत वाजवून बघा, चाल जागेवर येईल.

दोन्ही एकदम शिकू नका मात्र. एक पट्टी करा, डाव्या बाजूला भातखंड्यांच्या खुणा आणि उजवीकडे पलुस्करांच्या, मोठ्या अक्षरात, पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. नवीन पुस्तकाचं एकेक पान झेरॉक्सवाल्याकडून एथ्रीवर मोठं करून घ्या आणि टिंबांवर रंगीत स्केचपेन फिरवा, मंद्राला निळा, तारला लाल. आणि तुम्हाला येणाऱ्या एखाद्या अभंगाची चाल घेऊन वरच्या पहिल्या उत्तरातला कार्डांचा प्रकार कराच, तो काही फक्त लहान मुलांसाठी नाही, मोठ्यांचा हात जास्त सावकाश आणि नीट चालतो.

प्रश्न : माझ्या भाचीला अजिबात दिसत नाही, आवाज सुरेख आहे, ब्रेल वाचते. तिला स्वरलिपी शिकवता येईल का की नुसतं ऐकूनच शिकावं लागेल? (एक मावशी, वाई)

उत्तर : येईल, नक्की येईल. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचे आणि त्यांनी लिपी केली तेव्हा संगीतासाठीही वापरली. ब्रेलच्या पाश्चात्त्य संगीतलिपीत पाच रेघा नसतातच, सहा टिंबांपैकी वरची चार स्वर कोणता ते सांगतात आणि खालची दोन तो किती लांब ते. म्हणजे एकाच बोटाखाली दोन्ही. पुढे कीबोर्ड वगैरे घेतलं तर ती लिपी शिकलेली चांगली.

सध्या सरगमसाठी तिच्या ब्रेल शिकवणाऱ्या बाईंना आणि गाण्याच्या बाईंना एकत्र बसवा आणि खुणा ठरवून घ्या, तिला मराठी ब्रेलमध्ये सा रे ग म लिहिता येतंच, त्याच्या आधी मंद्र-तारची एक आणि कोमल-तीव्रची एक खूण लागेल. नंतर बदलायच्या नाहीत. कार्डं करताना टिकल्यांऐवजी फुगीर मणी, काडी तशीच, धागा जाडसर सुतळीचा, आणि प्रत्येक कार्डाचा वरचा उजवा कोपरा कापा म्हणजे कार्ड उलटं धरलंय का ते हाताला कळेल, नाहीतर वरचा मणी खालचा होऊन बसतो. कार्डं सरकू नयेत म्हणून पट्टीवर वेल्क्रो लावा. आणि टेपवरचे चिमटे तर तिला सगळ्यात जास्त आवडतील, एका हाताने चिमटे चाचपत दुसऱ्याने पेटी वाजवता येते. भाचीला हेही सांगा की विष्णु दिगंबर पलुस्करांची नजर लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली होती, आणि त्याच माणसाने १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची स्वरलिपी तयार केली.

प्रश्न : आमचे गुरुजी म्हणतात कागद बघून गाणं येत नाही, स्वरलिपीने कान आळशी होतो. मग हा सगळा खटाटोप कशाला? (एक विद्यार्थी, तासगाव)

उत्तर : गुरुजींचं म्हणणं मला पटतं आणि तरीही मी स्वरलिपी शिकवते. कागदावरून राग येणार नाही, गंधार किती आणि कसा लावायचा, मींड कुठून निघून कुठे टेकायची हे गुरूच्या समोर बसूनच. पण भातखंड्यांनी वेगवेगळ्या घराण्यांच्या गवयांकडून बंदिशी मिळवून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत लिहून ठेवल्या, त्या लिहिल्या नसत्या तर त्यातल्या किती आज तुझ्यापर्यंत आल्या असत्या? गुरुजींनी शिकवलेली बंदिश घरी गेल्यावर तू स्वतः लिहून काढ, गुरुजींचं रेकॉर्डिंग न लावता. लिहिताना जिथे अडशील तिथे तुझ्या कानाने नीट ऐकलेलं नाही. तेवढी जागा दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचार. कान आळशी होतो तो तयार लिहिलेलं वाचून, स्वतः लिहून नाही होत.

प्रश्न : मोबाईलवर नोटेशन शिकवणारी अ‍ॅप आहेत, ती चालतील का? (एक आई, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : थोडी ओळख झाल्यावर सरावाला चालतील. आधी नको. बरीचशी अ‍ॅप 'ही नोट कोणती' एवढंच विचारतात, मूल नाव ओळखून बटण दाबतं आणि स्वर तोंडातून येतच नाही. वापरायचंच असेल तर नियम करा, आधी गायचं, मग दाबायचं.

प्रश्न : कार्डं-टिकल्यांचा प्रकार आम्ही क्लासमध्ये आधीपासून करतो, मुलं रमतात. पण परीक्षेत हातात नुसता कागद असतो. हे साहित्य बंद कधी करायचं? (एक संगीतशिक्षिका, विटा)

उत्तर : ताई, एका दिवशी बंद करू नका, एकेक काढून घ्या. मूल काडी ठेवायच्या आधीच कोमल बरोबर गातंय असं दिसलं की काड्या डब्यात, तिथे आता कार्डावर पेनाने रेघ. मग धागा. मग बांगडी. टिकल्या शेवटपर्यंत राहू द्या, मंद्र-तारचा गोंधळ सगळ्यात उशिरा जातो. अधल्यामधल्या काळात मुलांनी स्वतः मांडलेल्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढा, प्रिंट काढा आणि पुढच्या वेळी त्या फोटोवरून गायला द्या. फोटोत सगळं तेच असतं पण हात लावता येत नाही. ते जमलं की तीच ओळ वहीत लिहायची आणि मग पुस्तकातली ओळ शेजारी ठेवायची. नवीन राग सुरू केलात आणि एखादं मूल परत अडखळलं तर त्या एकट्यासाठी काड्यांचा डबा पुन्हा उघडा, बाकीच्यांना कागदच राहू दे. आणि अनोळखी चार ओळी आठवड्याला एकदा तरी द्याच, साध्या, भूपातल्या, तीनतालातल्या, तुम्ही स्वतः रचलेल्या. पाठ असलेली बंदिश मुलं वाचतायत की आठवतायत ते आपल्याला कळत नाही, त्या चार ओळींत लगेच कळतं.